पास झालेलं रक्त

मानवतमध्ये वैशाखात थंडी वाजणारी एकच बाई होती, आणि ती मी. बाकीचं गाव ओला पंचा डोक्याला बांधून सावली मिळेल तिथे पडून असे. मी मात्र सकाळची शाळा सुटली की मुद्दाम उन्हाच्या बाजूने घरी येई. सावलीची बाजू मोकळी पडलेली असताना उन्हातून सावकाश चालणारी मास्तरीण पाहून अडतीवरचे हमाल एकमेकांना कोपराने ढोसत. घरी आले की मी घोंगडी पांघरून बसे. ती घोंगडी मी ऐन उन्हाळ्यात विकत घेतली होती. गावाबाहेर मेंढरंवाल्यांचा तळ पडला होता. तिथल्या बाईने भाव सांगायच्या आधी विचारलं की घरात कोण आजारी आहे. कोणी नाही, मलाच हवी आहे, असं मी म्हटल्यावर तिने मला खालून वर न्याहाळलं आणि न मागता भाव उतरवला. कुणी कीव केलेली मला जन्मात खपली नाही. पण थंडी वाजत होती, म्हणून घोंगडी घेतली.

आमचा जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या आगेमागेची ही गोष्ट. मी मुलींच्या शाळेत होते, आमचे हे मुलांच्या शाळेत, आणि वारलेले मामंजी तर हेडमास्तर होते. त्यामुळे आमच्या घरात जगातल्या सगळ्या माणसांचे दोनच प्रकार होते, पास आणि नापास. सासूबाई वालूरच्या. त्या स्वतः शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, पण मास्तराची बायको आणि मास्तराची आई या नात्याने निकाल लावण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. भाजीवाली, नवा पुजारी, पाऊस, सगळ्यांचे निकाल त्या ओसरीवर बसून लावत. माझा निकाल त्यांनी लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी लावला. मी आळशी निघाले.

त्यांना तरी काय दोष देणार. मी उभ्या उभ्या झोपत असे. भाकरी थापताना झोपत असे. शाळेत मुली पाढे म्हणायला लागल्या की त्या सुरावर माझी मान कलायची. मुलींनी तर एक युक्ती काढली होती. बाईंना जाग येऊ नये म्हणून त्या पाढा हळूहळू बारीक आवाजात नेत, मग ओठातल्या ओठात, आणि शेवटी अंगणात लंगडी खेळायला जात. एक भाकरी कमी केली तरी पोलक्याच्या बाह्या दंडात रुतत. केस फणीत येत. आणखी एक तक्रार होती, तिच्याबद्दल सभ्य माणसाने लिहू नये, पण वाण्याकडचा इसबगोल आमच्याच घरी संपत असे. आवाज तर असा बसला की मी प्रार्थना सुरू केली की पहिल्या रांगेतल्या मुली पदराची टोकं तोंडात कोंबत. एकदा मोठ्या बाई, म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, धावत वर्गात आल्या. त्यांना वाटलं होतं की शिपाईच प्रार्थना म्हणायलाय.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं की आजारी असाल तर डॉक्टरचा दाखला आणा, मी रजा देईन. आजारी नसाल तर मला वर लिहावं लागेल, वर्गात झोपणारी बाई मी कुठवर झाकू. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मुदत दिली. मला नोकरी जाऊ द्यायची नव्हती. सगळ्या घरात तेवढीच एक गोष्ट मी आयती घेतलेली नव्हती, कमावलेली होती. आणि त्याहून जास्त, मला आळशी म्हणून मरायचं नव्हतं. मी आळशी नव्हते. माहेरी मी विहिरीवरून दोन दोन घागरी आणत असे आणि वर भांडायलाही ताकद उरत असे.

मग एके दिवशी मला माझा आजार सापडला. आमच्या शाळेत पुण्याहून एक मासिक येई. त्यात विणकाम, लोणची आणि डॉक्टरांचा सल्ला असे. त्या महिन्याच्या सल्ल्यात लिहिलं होतं की माणसाच्या गळ्यात थायरॉईड नावाची एक ग्रंथी असते. ती मंदावली की थंडी वाजते, झोप येते, अंग सुजट होतं, आवाज बसतो, केस गळतात. सभ्य माणसाने लिहू नये ती तक्रारही तिथे छापली होती. आणि शेवटी, भुवयांची बाहेरची टोकं विरळ होतात. मी उठून शाळेच्या कपाटाच्या काचेत पाहिलं. माझ्या भुवया निम्म्यावर येऊन संपल्या होत्या. आजार सापडल्याचा इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता. घरी जाऊन ह्यांना भुवया दाखवल्या. ह्यांनी बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की भुवया पहिल्यापासून अशाच असाव्यात. मी विचारलं, मग मुलगी बघायला आला होतात तेव्हा बघितलंत काय. त्यावर ह्यांना शाळेचं काहीतरी काम आठवलं.

गावात तेव्हा एक तरुण डॉक्टर नव्याने आले होते, हैदराबादला शिकलेले. मी मासिक घेऊनच गेले. ते म्हणाले की मागच्या महिन्यात याच मासिकातून गावातल्या दोघींना मधुमेह झाला होता. मी रागाने उठले, तेव्हा त्यांनी हसणं आवरून मला बसवलं, जीभ पाहिली, गळा चाचपला, गुडघ्यावर छोटा हातोडा मारला. माझा पाय उडाला, पण जरा विचार करून. डॉक्टरांनी पुन्हा मारला. पायाने पुन्हा विचार केला. मग मात्र ते गंभीर झाले. असेलही, म्हणाले, पण नुसत्या भुवयांवर मी दाखला देणार नाही आणि औषधही देणार नाही. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात रक्ताची एक नवी परीक्षा सुरू झाली होती. तिथे त्यांचा वर्गबंधूच होता. ती परीक्षा द्या, ती सांगेल.

इथे त्यांनी परीक्षा हा शब्द उच्चारला आणि तो सासूबाईंनी ऐकला. सोबत म्हणून त्या बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. हैदराबादेत, मोठ्या दवाखान्यात, परक्या लोकांपुढे आपल्या सुनेच्या रक्ताची परीक्षा होणार. हेडमास्तरांच्या घरचं रक्त. त्या माझ्या पुढे झपाझप चालत घरी आल्या. दारात पाय धुताना म्हणाल्या, "तयारी करून जायचं. असंच कसं जायचं."

तयारी म्हणजे काय ते मला दुसऱ्या दिवशीच कळलं. मुलगी दाखवायच्या आधी घरात जी लगबग असते तीच. सकाळी डिंकाचा लाडू, त्यावर दूध. दुपारी भाकरीवर इतकं तूप की भाकरी खाली दिसू नये. चार वाजता गूळ-शेंगदाणे आणि काळे मनुके. मी सासूबाईंना म्हणत होते की आत्याबाई, माझं रक्त जसं आहे तसं दाखवायचंय, त्याला सजवायचं नाहीये. त्या म्हणाल्या, आपल्या घरातली पोरगी बघायला पाहुणे आले तर तू तिला शिळ्या साडीत पुढे करशील का. रक्त पातळ निघालं तर लोक सुनेला नावं ठेवत न्हाईत, सासरला ठेवतात. उपाशी ठेवायलेत म्हणतील. ह्यांच्याकडे मी आशेने पाहिलं. ह्यांनी माझ्या ताटातला एक लाडू उचलून खाल्ला. नवऱ्याची मदत म्हणतात ती एवढीच.

मग माझ्या आवाजाची पाळी आली. दाखवायच्या मुलीला नाव विचारतात, आणि तिथला डॉक्टर मला नाव विचारणारच. तेव्हा हा घोगरा आवाज काय कामाचा. सासूबाईंचे वालूरचे भाऊ कीर्तनकार होते. त्यांचा घसा बसला की ते एका बाटलीतलं तपकिरी, चिकट औषध घशाला आतून लावून घेत आणि दुसऱ्या दिवशी कीर्तनाला उभे राहत. त्यातली एक बाटली आमच्या फळीवर होती. सासूबाई काडीला कापूस गुंडाळून, बाटलीत बुचकळून, सकाळ-संध्याकाळ माझा घसा रंगवायच्या. चव विळा चाटल्यासारखी. मी ओकाऱ्या काढायची आणि त्या माझी हनुवटी धरून सांगायच्या की थोडं सोस, हैदराबादेत नाव सांगताना आठवण काढशील. बाटली संपत आली तेव्हा कुठे माझी सुटका झाली.

मानवत रोडच्या स्टेशनावर आम्ही तिघं गाडीत चढलो तेव्हा मी लग्नातला शालू नेसले होते, केसांत शेवंतीची वेणी होती आणि मांडीवर लाडवांचा डबा होता. डबा डॉक्टरांसाठी. तपासणाऱ्याचं तोंड गोड असलं की निकाल सैल लागतो, हे सासूबाई मामंजींच्या संसारात शिकल्या होत्या, असं म्हणण्याची तेव्हा माझी छाती नव्हती. हैदराबादच्या दवाखान्यात आम्ही शिरलो तसा दारावरचा माणूस आमच्या मागे डोकावून पाहू लागला. त्याला वाटलं नवरदेव मागून येतोय. ह्यांनी मान खाली घातली.

आमच्या डॉक्टरांचा वर्गबंधू चष्मेवाला, हसरा, खास हैदराबादी माणूस होता. मराठी समजायची, बोलायचा मात्र दख्खनीत. त्याने मला खरोखर नाव विचारलं. मी सांगितलं, आणि आवाज त्यातल्या त्यात बरा निघाला. सासूबाईंनी ह्यांच्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं. सुई टोचली तेव्हा त्यांनी नळीत चढणारं रक्त वाकून बघितलं आणि मला हळूच सांगितलं की रंग चांगला आलाय. डॉक्टरांनी लाडू खाल्ला, दुसराही खाल्ला, आणि सांगितलं की निकाल डाकेने मानवतच्या डॉक्टरांकडे येईल.

निकाल आला. नॉर्मल.

आमच्या डॉक्टरांनी तो शब्द सांगितला तेव्हा मी कागद त्यांच्या हातातून घेऊन स्वतः वाचला. निरोगी ठरल्याचं एवढं दुःख झालेलं माणूस त्यांनी पाहिलं नसावं, कारण त्यांनी मला पाणी दिलं. मी दोनदा विचारलं की चूक तर नाही ना. ते म्हणाले, अगदी व्यवस्थित आहे, काठावरसुद्धा नाही. सासूबाईंनी बाकीचं ऐकलंच नाही. त्या बाहेर पडल्या त्या थेट पेढ्यांच्या दुकानात. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत पेढे वाटून झाले होते. आमच्या सुनेचं रक्त हैदराबादेत पास झालं. काठावरसुद्धा न्हाई.

माझे हाल विचारू नका. आजारी म्हणून माझ्या समाचाराला येऊन गेलेल्या बायका आता फसवल्यासारखं बोलत. एकीने तर आणलेल्या मोसंब्यांची आठवण काढली. मोठ्या बाईंनी निकाल ऐकून माझ्याकडे असं पाहिलं की मला त्यांचा सरळपणा नकोसा झाला. आणि सासूबाईंना तर आता सरकारी शिक्का मिळाला होता. मी डुलकी घेतली की त्या म्हणायच्या, "नाचता येईना अंगण वाकडं. रक्त पास हाय, मग झोपायलीस कामून?"  सगळ्यांत वाईट म्हणजे, कधी कधी मलाही वाटायचं की यांचंच खरं असेल. मासिक वाचून मी स्वतःला आजार चिकटवून घेतला असेल. आळशी माणसाला आपण आळशी आहोत हे थोडंच कळतं. मग मी चिडून उठायचे, एक खोली झाडायचे आणि झाडू हातात धरून तिथेच झोपायचे.

रामनवमीला वालूरचे मामा कीर्तनाला आले आणि गोष्ट उलटली. त्यांचा आवाज नेहमीप्रमाणे ऐन वेळी बसला होता. त्यांनी फळीवरची बाटली मागितली. बाटली रिकामी. तेव्हा सासूबाई मला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या आणि असलंच औषध भरून द्या म्हणाल्या. डॉक्टरांनी बूच काढून वास घेतला आणि सहज विचारलं की एवढी बाटली संपवली कुणी. सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, सुनेच्याच घशाला लावलं, हैदराबादला जायच्या आधी. रोज दोन वेळा. तिथे आवाज नीट निघावा म्हणून.

डॉक्टरांनी बाटली टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसले. मग ते हसायला लागले. डोळे पुसत हसले, आणि बाहेरचे पेशंट दारात येऊन बघायला लागेपर्यंत हसले. शेवटी त्यांनी सांगितलं की त्या परीक्षेत रक्तातलं आयोडीन मोजतात. ग्रंथी मंदावली असेल तर ते कमी भरतं. आणि या बाटलीत दुसरं काही नाही, आयोडीनच आहे. घशावाटे ते माझ्या अंगात मुरलं आणि रक्ताबरोबर हैदराबादला जाऊन मोजून घेऊन आलं. लाडू बिचारे निर्दोष होते. सासूबाईंना समजावं म्हणून डॉक्टर म्हणाले, "आजी, रक्त पास झालं न्हाई. कॉपी करून पास झालं."

मला इतका राग आला होता की मी बाटली फोडायला उठले होते. पण मी सासूबाईंकडे पाहिलं आणि परत बसले. आमच्या घरात कॉपी हा शब्द शिवीसारखा होता. मामंजींनी एकदा सख्ख्या भाच्याला कॉपी करताना धरून परीक्षेतून उठवलं होतं, आणि दोन घरांत वर्षानुवर्षं जाणं-येणं नव्हतं. त्या बाईच्या तोंडावरचा रंग गेला होता.  मीच विचारलं की आता काय. ते म्हणाले, अंगातलं आयोडीन जायला बरेच महिने लागतील. तोवर असलं कुठलंही औषध नको. मग पुन्हा रक्त द्या. आणि बाई, पुन्हा नॉर्मलही येऊ शकतं, मी आत्ता काहीच सांगू शकत नाही. मोठ्या बाईंना त्यांनी एवढंच कळवलं की तपासणी पुरी झालेली नाही. बाईंनी मुदत दिवाळीपर्यंत वाढवली.

घरी आल्यावर सासूबाईंनी तो विषयच बंद केला. मी पुन्हा हैदराबादचं नाव काढलं की त्यांना देवाची भांडी घासायची असत. ह्यांनी एकदा धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाल्या की पास झालेल्या पोराला पुन्हा परीक्षेला कुणी बसवतं का. सगळ्या आळीनं पेढे खाल्लेत. हे माझ्याकडे बघून खांदे पाडत. असा तो चैत्र गेला आणि वैशाख आला.

वैशाखात माझ्या हातांना मागणी आली. गावात सगळ्यांची डोकी तापलेली आणि माझे तळवे माठासारखे गार. कुणीतरी शेजारीण डोकं दुखतं म्हणून बसली असताना मी सहज तिच्या कपाळावर हात ठेवला, आणि तिने तो सोडेचना. दुसऱ्या दिवसापासून दुपारी आमच्या ओसरीवर बायका येऊन बसू लागल्या. एकीला डोळ्यांवर हात हवा, एकीला मानेवर. घामोळं उठलेलं एक पोर तर माझ्या पायांवर पोट टेकून निजायचं. सासूबाई नंबर लावत. कुणी विचारलंच की हिचे हात असे कसे हो, तर सांगत, हाताचा गुण असतो एकेकाचा, हिच्या हातानं दही बी लागत न्हाई. आळी गेली की त्या स्वतः चटईवर आडव्या होत आणि मला बोलावत. मी भिंतीला टेकून बसायची आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवायची. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गार हातांचा कुणाला तरी उपयोग होत होता, आणि नेमका त्यांनाच, याची मला चीड यायची.

अशाच एका दुपारी मी बसल्या बसल्या झोपले. जाग आली तेव्हा ओसरीवरचं ऊन परसात पोचलं होतं. माझा हात सासूबाईंच्या कपाळावर होता तसाच होता, आणि त्या होत्या तशाच पडून होत्या, डोळे उघडे ठेवून. त्या दिवशी एकादशी. शेजारी पोथी लागायची होती, ती त्यांनी जन्मात कधी चुकवली नव्हती. मी घाबरून हात काढला आणि विचारलं की मला उठवलं का नाही.

त्या उठून बसल्या, मान मोडली. मग म्हणाल्या, "मांजर दुधाला आली. भांडं पडलं. एवढा आवाज झाला, तू हाललीबी न्हाईस. आळशी माणूस असं झोपत न्हाई गं. आळशी माणूस भांडं पडलं की एक डोळा उघडून बघतो, आणि मग मिटतो."

मी उठून पडलेलं भांडं उचललं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पायात वहाणा घालून निघाल्या. ज्या ज्या घरी पेढे दिले होते त्या त्या घरी जाऊन त्यांनी दारात उभं राहून सांगितलं की आमच्या सुनेचा निकाल रद्द झालाय. कॉपी झाली होती. कॉपी मी केली, तिने न्हाई. दसऱ्यानंतर पुन्हा परीक्षा हाय. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत, चहा घेतला नाही. आळीतल्या बायका मला नंतर विचारत होत्या की तुमच्या सासूबाईंना ऊन लागलं का. मी सांगितलं, नाही, बऱ्या आहेत.

त्यानंतर आमच्या घरात आयोडीनवर पहारा बसला. आयोडीन म्हणजे नक्की काय ते सासूबाईंना ठाऊक नव्हतं, पण ते तपकिरी असतं हे त्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे जे जे तपकिरी ते ते माझ्यापासून लांब गेलं. काळा गूळ गेला, काढा गेला, दालचिनी गेली. चहा मला इतक्या दुधाचा मिळायचा की त्याला चहा म्हणणं ही शिष्टाचाराची गोष्ट होती. मामा वालूरहून आले की त्यांना आधी ओसरीवरच पिशवी उघडून दाखवावी लागे. एकदा माझं बोट विळीवर कापलं, तेव्हा शाळेतला शिपाई टिंक्चर आयोडीनची बाटली घेऊन धावला, आणि मी त्याच्यापासून सगळ्या पटांगणात पळाले. त्या वर्षी मी पळाले असेन ते तेवढंच. मोठ्या बाई खिडकीतून बघत होत्या.

दुसऱ्या खेपेचा निकाल कमी आला, चांगलाच कमी आला, हे आत्ताच सांगून टाकते, कारण लोकांना ताटकळत ठेवायला मला आवडत नाही. दिवाळीआधी दाखला मिळाला, रजा मिळाली, गोळ्या सुरू झाल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात आळीतल्या बायकांनी तक्रार केली की तुमचे हात आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. नोकरी मी पुढे निवृत्तीपर्यंत केली. पण निकालाच्या आधीची ती सकाळ मला जास्त आठवते.

दसरा झाला होता. हैदराबादच्या त्याच दवाखान्यात, त्याच बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. मी रोजच्या साडीत. डबा नव्हता, वेणी नव्हती. आदल्या दिवशी सासूबाईंनी मला साधा वरण-भात वाढला होता आणि भात वाढतानाही त्यांचा हात थबकला होता. चष्मेवाल्या डॉक्टरांनी आम्हाला ओळखलं, निदान लाडवांवरून सासूबाईंना तरी. त्यांना आमच्या डॉक्टरांनी सगळी हकीकत कळवली होती, त्यामुळे ते आधीच हसू दाबत होते. घशाला काही लावलं नाही ना, पोटात काही घेतलं नाही ना, असं सगळं विचारून झालं. मग माझा दंड बांधता बांधता त्यांनी मला विचारलं, गंभीरपणे, की बाई, मागच्यासारखंच नॉर्मल आलं तर काय करणार.

हा प्रश्न मी सहा महिने स्वतःला विचारत होते.  मी तोंड उघडलं, पण माझा तो शिपायाचा आवाजसुद्धा बाहेर येईना. ह्यांनी चुळबुळ केली. सासूबाई उठून माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. दाखवायच्या मुलीच्या पाठीशी उभं राहतात तशा नव्हे, भांडायला उभं राहतात तशा.

"नॉर्मल आलं तर तुमचीच परीक्षा चुकली म्हणीन मी," त्या म्हणाल्या. "माझी सून आजारी हाय. रक्त काय बी म्हणू दे. मी रोज बघायलेय न्हवं."

आणि मी रडायला लागले. तिथेच, उजवा दंड बांधलेला, मूठ आवळलेली, सगळ्या दवाखान्यासमोर, हुंदके देऊन. सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या, ह्यांनी खिशातला रुमाल काढला आणि स्वतःच्याच डोळ्यांना लावला. डॉक्टर सुई हातात धरून आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत होते.

"कायकू रोते बाई," ते घाबरून म्हणाले, "अभी सुई लगायाच नई."